मास्तरांचं मास्टरिंग

36 वर्षं गावानं मला मास्तर म्हटलं. आता पंचाहत्तरीत मास्टरिंग शिकायची वेळ आली! हसू नका मंडळी, सांगतो काय झालं ते.

आमच्या सौ.चं माहेर तुमसर तालुक्यातलंच, धानाच्या पट्ट्यातलं. लहानपणी ती आईसोबत रोवणीला जायची. चिखलात वाकून पऱ्हे लावता लावता बायका जी गाणी म्हणतात, ती तिला पंधराएक तरी पाठ आहेत. आता बांधावर मोबाइल वाजतो, त्यामुळे ही गाणी म्हणणाऱ्या बायका कमी होत चालल्यात.

अशात जात्यावरच्या ओव्या ऐकण्यात आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर 2017 पासून त्या येऊ लागल्या, कित्येक तर त्या बायकांच्याच आवाजात. वाटलं, जात्यावरचं जपलं जातं तर आमच्या बांधीतलं का नको? सौ. आधी "इश्श, ह्या वयात!" म्हणाली, मग शेजारच्या दोघींना घेऊन तयार झाली.

स्टुडिओचा भाव विचारला आणि गुपचूप फोन ठेवला. पेन्शनीत बसणारं नव्हतं. मग 1800 रुपयांचा यूएसबी माइक, मुलाचा जुना लॅपटॉप आणि ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर (2000 साली आलं तेव्हापासून फुकट आहे!) एवढ्यावर संसार मांडला. मधल्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या, खिडकीला गोधडी लावली. वेळ पहाटे साडेचारची, कारण उजाडलं की रस्त्यावर ट्रक सुरू होतात. आणि मे महिन्यात पंखा बंद! तिघी घामानं निथळत गायल्या.

आवाज भरून झाला, तिघींचे आवाज एकमेकींत जुळवून झाले, की शेवटचा हात फिरवायचा ते मास्टरिंग. पेपर लिहून झाल्यावर शेवटची दहा मिनिटं आपण पुन्हा वाचतो ना, तसं. त्यातलं काही सोपं निघालं. गाण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या शांततेतला खरखराट सॉफ्टवेअरला दाखवला की तो गाण्यातूनही कमी करतं. (जास्त कमी केला तर माणूस पिंपात बसून गातोय असं वाटतं.) 80 हर्ट्झच्या खालचं कापलं की विजेची घुरघुर आणि लांबच्या मालगाडीची धडधड बरीचशी जाते. बायकांचा आवाज त्याच्या पुष्कळ वर असतो, त्याला धक्का लागत नाही. आवाज उगाच मोठा करण्यातही अर्थ नाही. यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएसपेक्षा मोठं गाणं स्वतःच खाली ओढतं. सर्वांत उंच टोक उणे 1 डेसिबलवर थांबवायचं, म्हणजे पुढे फाटत नाही.

हे सगळं केलं. तरी गाणं मला मिंधं, गोधडीखालून आल्यासारखं वाटे. म्हणून वरच्या पट्ट्या चढवल्या. 3 डेसिबल, मग 6, मग 9. तेव्हा कुठे शब्द स्वच्छ ऐकू आले. खूश होऊन पहिलं गाणं चढवलं. नातेवाइकांचे "वा, वा" आले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अकरा वर्षांची नात आली. गाणं लावलं तसे तिनं दोन्ही कान झाकले. "आबा, आजीच्या तोंडात साप बसलाय का? प्रत्येक 'स'ला फुस्स करतो!"

मला साप ऐकू येईना. पुन्हा लावलं. काहीच नाही.

भंडाऱ्याला जाऊन कान तपासले. आलेख डावीकडे बरा, उजवीकडे धरणाच्या सांडव्यासारखा खाली. डॉक्टर म्हणाले, वयानं आधी वरच्याच पट्ट्या जातात. 'स', 'श'चा जीव बराचसा 4000 हर्ट्झच्या वर असतो. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. थोडक्यात, गाण्यात काही कमी नव्हतं, ते माझ्या कानात होतं. आणि माझ्या कानाचं औषध मी बायकोच्या आवाजाला पाजत होतो.

परतताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. गेली पाच-सहा वर्षं मी सौ.ला म्हणत आलोय, "तोंडात भात धरल्यासारखी काय पुटपुटतेस? नीट बोल!" आधी ती पुन्हा सांगायची. मग जरा मोठ्यानं सांगायची. मग लहानसहान गोष्टी सांगणंच तिनं सोडलं. मला वाटायचं, वयानं शांत झाली.

घरी येऊन आलेख दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला. म्हणाली, "मी काय म्हणत होती?" बस्स, एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

गाणं उतरवलं, पुन्हा बसलो. आता रीत बदलली आहे. कुठल्यातरी चांगल्या स्टुडिओतलं बाईच्या आवाजातलं लोकगीत शेजारी ठेवतो आणि दोन्ही आळीपाळीनं ऐकतो. दोन्ही मिंधं वाटलं तर दोष कानाचा, आपलंच मिंधं वाटलं तर गाण्याचा. ऑडॅसिटीत आवाजाचा आलेखही निघतो. कानाला न दिसणारं डोळ्याला दिसतं. बदल करायचा तो एक-दोन डेसिबलचा. आणि शेवटची सही नातीची. ती फोनवर, इयरफोनवर आणि बापाच्या गाडीत ऐकून "पास" म्हणाली तरच पुढे. छत्तीस वर्षं मी पास-नापास केलं, आता माझी पाळी!

रोवणी सुरू व्हायच्या आत चार गाणी चढली. दुसऱ्यांदा चढवलेलं पहिलं गाणं सौ.नं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हां, ही मी."

कानाचं यंत्र घेतलंय. ते लावल्यावर पहिल्या दिवशी आमच्या फोडणीचा आवाज केवढा मोठा आहे ते कळलं! सौ. आता समोर येऊन बोलते आणि मी न चिडता "काय म्हणालीस?" विचारतो. ती परत सांगते. कधी कधी लहानसहानही.

असो. अजून अकरा गाणी बाकी आहेत. उद्याचा साडेचारचा गजर लावायचाय, आणि पंखा बंदच ठेवायचाय. तुमच्याही घरी कुणी गाणारं असेल तर भरून ठेवा. फक्त शेवटी एखाद्या पोराला ऐकवा.