माहेरचे बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा आमच्याकडील रिवाज कोणत्याही सरकारी हुकुमाहून जुना असल्यामुळे, मुंबईस नांदणारी माझी कन्या आठव्या महिन्यात, ऐन श्रावणात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी कोयनेच्या वीजकेंद्राच्या आश्रयाने वाढलेल्या आमच्या पोफळीस आली. दुसऱ्याच दिवशी गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आमच्या आशाताई, निथळती छत्री मिटून पडवीत शिरल्या आणि म्हणाल्या, "काका, ताईंची नोंद मुंबईची असली तरी आता त्या माझ्या यादीत. कार्ड दाखवा बघू."

पुढे एका मध्यरात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा 102 क्रमांकाची गाडी आली. आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात जपून नेलेली माझी नोटांची पुरचुंडी तशीच परत आली, कारण 2011 साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन यांचा आकार घ्यावयाचा नसतो. त्या रात्री मला आईची आठवण अनावर झाली: सुईणीच्या हाताखाली ती दोन दिवस अडली होती, आणि तिला चिपळुणास न्यावे की नाही याचा निर्णय पैशाअभावी लांबला, तो माझ्या धाकट्या भावाच्या जिवावर बेतला.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताईंच्या नेमाने फेऱ्या झाल्या. सातव्या दिवशी बाळाचे अंग गार लागताच त्यांनी अंघोळ तहकूब करून त्याला आईच्या उराशी धरावयास लावले. शेक-शेगडीचा अभिमान बाळगणारी माझी पत्नी कुरकुरली, परंतु तिने ऐकले. या गृहभेटींचे मूळ गडचिरोलीत आहे: डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे खेड्यातील स्त्रियांनाच नवजाताची शुश्रूषा शिकविली आणि नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे 1999 साली प्रसिद्ध झाले.

सरकारी मातृवंदना योजनेतून आईस मिळणाऱ्या 5000 रुपयांची कथा मात्र निराळी. आधारपत्र माहेरच्या नावाचे, बँकेचे खाते सासरच्या. एका कचेरीने दुसरीकडे धाडले, दुसरीने मूळ नोंदीच्या ठिकाणी जाण्याचा शेरा मारला. धोरण आखणाऱ्यांनी गरोदर स्त्री एकाच पत्त्यावर स्थिर मानली, आणि आमची रूढी तिला नेमक्या त्याच महिन्यांत प्रवासास लावते. ही फट आशाताईंनी पावसात पायपीट करून सांधली, पण दप्तराला पाय नसतात. नातू आता रांगू लागला आहे. रक्कम अद्याप यावयाची आहे. तेव्हा लेकीची ओटी भरणाऱ्या वाचकांस एवढेच विनवितो की, खणानारळाबरोबर तिचे आधारपत्र आणि पासबुक एकाच नावाची आहेत ना, तेही पाहून घ्यावे.