टीसीएल

आमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत शिरलं की आधी ती भेटते, मग माणसं. कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला, सुतळीनं तोंड आवळलेल्या गोणीत ती बसलेली असते. डोळ्यांना दिसायच्या आत नाकाला कळते. शेजारच्या लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या तिच्या सहवासानं गंजून गेलेल्या असतात. तिला रोज हाताळणारा माणूस आठवडी बाजाराच्या गर्दीतही ओळखू येतो, कारण त्याच्या खाकी पँटवर आणि शर्टाच्या बाहीवर पांढरट ठिपके पडलेले असतात. रंग खाणं हा तिचा मूळचा स्वभाव.

शहरात तिला ब्लीचिंग पावडर म्हणतात. वऱ्हाडातल्या खेड्यांत ती टीसीएल. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे उष्ण देशांसाठी केलेलं चुन्याचं क्लोराइड. उन्हाळ्यात तिनं लवकर दम सोडू नये म्हणून तिच्यात चुना जास्तीचा घातलेला असतो. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला या नावातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

आमचं घर अंजनगाव-सुर्जीकडचं, पानमळ्यांच्या मुलखातलं. चुना आमच्याकडे सगळीकडे होता. आबाजींच्या पानाच्या डबीत होता, दिवाळीआधी भिंतींवर होता, मोरचुदात कालवून संत्र्याच्या खोडांवर होता. त्यामुळे ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मोठी माय तिला चुनाच समजली. फारसं चुकलं नव्हतं तिचं. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की चुना तो पिऊन घेतो आणि त्याची कोरडी भुकटी होते. ताजी असताना तिच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा क्लोरीन कामाला येतो. पण तो तिच्याजवळ राहायला तयार नसतो. गोणीचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो निघून जातो आणि मागे खरोखरच नुसता चुना उरतो. दिसायला तीच पांढरी भुकटी. वीस टक्क्यांच्या खाली उतरलेली पावडर आरोग्य खातं निकामी धरतं, ते याचसाठी. ती मेली आहे हे वरून पाहून कळत नाही.

तिचा जन्म पाण्यासाठी झालाच नव्हता. शेले नावाच्या स्वीडनच्या औषधविक्यानं 1774 मध्ये क्लोरीन वायू वेगळा केला. पुढे बर्तोले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं फ्रान्समध्ये त्याच्यावर कापड पांढरं करून पाहिलं. तोवर कोरं कापड पांढरं व्हायला महिनोन् महिने गवतावर उन्हात पसरून ठेवावं लागे. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं चुन्यात क्लोरीन बांधणाऱ्या या भुकटीचं पेटंट घेतलं आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. गिरण्यांना पांढऱ्या कापडाची भूक लागली, भुकेला कापूस लागला. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला, 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या गाठी मुंबईहून लँकेशायरला जाऊ लागल्या. तिकडे कापड पांढरं करायला ही बसलेलीच होती. म्हणजे तिचं आमचं नातं कापसापासूनचं आहे. आमच्या मातीतलं बोंड तिच्या हातून पांढरं झालं, आणि कितीतरी वर्षांनी ती आमच्या विहिरीवर आली.

अंजनगाव तालुक्यातलंच शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. 1876 साली परिटाच्या घरात जन्मलेला हा माणूस खराटा घेऊन गावोगावचा मळ काढत फिरला. कपड्यांकडून गावाकडे गेलेली त्यांची वाट आणि तिची वाट मला सारखीच वाटते. तीही कापड सोडून माणसांकडे वळली. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं तिथल्या डॉक्टरांना तिच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. 1897 मध्ये इंग्लंडच्या मेडस्टन गावात विषमज्वराची साथ आली तेव्हा गावाच्या नळांतून तिचं पाणी खेळवलं गेलं. तिथून तिचं काम बदलत गेलं.

आमच्या परसातली विहीर दगडी बांधणीची होती. दोन मीटर रुंद, आणि भर उन्हाळ्यातही तीन मीटर पाणी. तिच्यावर एक जुना लिंब वाकलेला असे. एका वादळात तो पडला आणि विहिरीत दिवसभर ऊन उतरू लागलं. त्याच सुमारास घरात नळ आला, उपसा कमी झाला. काठावरच्या धुण्याचं साबणपाणी मात्र झिरपून आत जायचं ते जातच राहिलं. शेवाळाला आणखी काय लागतं? ऊन मिळालं, थांबलेलं पाणी मिळालं, खत मिळालं. दोन महिन्यांत दगड हिरवे झाले आणि पाण्यावर सायीसारखा थर धरला. बादली सोडली की तो थर बाजूला व्हायचा आणि बादली वर येईस्तोवर पुन्हा मिटायचा.

आबाजींनी ग्रामपंचायतीतून किलोभर टीसीएल आणली. वैशाखातली दुपार होती. पेरणी करावी तशी त्यांनी ती मुठी भरभरून वरूनच फेकली. वास असा उठला की मोठी माय पदर नाकाला लावून आत गेली. संध्याकाळी थर थोडा फिका पडलेला दिसला. तिसऱ्या दिवशी विहीर होती तशी हिरवीगार.

त्या आठवड्यात आरोग्यसेवक आले तेव्हा आबाजींनी त्यांना विहिरीपाशीच उभं केलं.

“एवढी किलोभर टाकली, तरी इहीर हिरवीच्या हिरवी. तुमच्या औषदात दमच नाही, भाऊ.”

ते काठावर वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “दम होता, आबाजी. अर्धा दुपारच्या उन्हानं नेला, अर्धा शेवायनं खाल्ला. जंतूले काय उरलं?”

हे वाक्य माझ्या मनात तेव्हापासून आहे. टीसीएलचा सगळा स्वभाव त्यात आला. ती समोर येईल त्याच्याशी झुंजते आणि झुंजताना संपत जाते. शेवाळ, गाळ, पडलेला पाला, साबणाचा मळ, जे आधी गाठेल त्याच्यावर ती स्वतःला खर्च करते. निवड करणं तिला येत नाही. पटकीचा जंतू विहिरीच्या तळाशी असला आणि वर हिरवा थर असला तर ती थरावरच संपते. ऊन तर तिला न लढताच संपवतं. उघड्या पाण्यात उन्हापुढे ती काही तासही टिकत नाही. म्हणून तिच्यासाठी वाट मोकळी करून द्यावी लागते, आणि तिला रात्री बोलवावं लागतं.

दोन दिवस गड्यांनी काथ्यानं आणि विटेच्या तुकड्यांनी दगड खरडले. हिरवा लगदा टोपल्यांनी वर आला, पंपानं पाणी उपसलं गेलं. नव्या पाण्याला आरोग्यसेवकांनी पहिली मात्रा दांडगी दिली आणि ते पाणीही फेकायला लावलं. मग दोरीनं विहीर मोजून रोजचा हिशोब सांगितला. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम. आमच्या विहिरीत साडेनऊ हजार लिटरच्या आसपास पाणी होतं. म्हणजे चोवीस ग्रॅम, मूठभरही नाही. आबाजींनी किलोभर ओतली होती.

त्या रात्री मी तिला पहिल्यांदा नीट काम करताना पाहिलं. घरातलं शेवटचं पाणी शेंदून झाल्यावर, कंदिलाच्या उजेडात, आरोग्यसेवकांनी प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची लापशी कालवली, मग पाणी वाढवलं आणि बादली तशीच ठेवून दिली. दहा मिनिटांत चुना खाली बसला आणि वर निवळी आली. पान खाणाऱ्यांच्या घरात निवळी शब्द कुणाला समजावा लागत नाही. ती निवळी दुसऱ्या बादलीत ओतून बादली दोरीनं पाण्याखाली सोडली आणि ते ती वर-खाली, आडवी-तिडवी हलवत राहिले. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्यानं पाणी जड होतं. “आता तिले तासभर तरी हात लावू नोका,” ते म्हणाले, “तिचं काम चालू राहते.” आम्ही रात्रभर लावला नाही.

सकाळी काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन त्यांनी औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. याला ओटी टेस्ट म्हणतात. या परीक्षेत रात्री किती टाकलं याला काहीच किंमत नसते. सगळ्यांशी झुंजून झाल्यावर ती किती शिल्लक आहे एवढंच पिवळा रंग सांगतो. शिल्लक असेल तरच दिवसभरात पडणाऱ्या नव्या घाणीला तोंड द्यायला कुणीतरी पाण्यात आहे. “पिवयं झालं!” मी ओरडलो तेव्हा आबाजींनी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

रोज रात्री उठून हे करणं प्रत्येक घराला जमत नाही. त्यासाठी नागपूरच्या संशोधकांनी, म्हणजे आजच्या नीरी या संस्थेनं, दोन मडक्यांची युक्ती काढली. किलोभर पावडर आणि दोन किलो जाडी रेती ओलवून आतल्या मडक्यात भरायची, ते मडकं दुसऱ्यात ठेवायचं, दोन्हींना एकेक भोक, आणि जोडी पाण्याखाली मीटरभर सोडून द्यायची. मग ती रेतीतून थोडी थोडी झिरपत बाहेर येते आणि घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरते. उतावळ्या स्वभावाच्या तिला मडक्याच्या अंधारात सावकाश खर्च व्हायला शिकवणारी ही युक्ती मला फार आवडते. विदर्भातल्या कुंभाराच्या चाकावर तयार होणाऱ्या वस्तूंतून ती साधली आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आतेभावानं अमरावतीजवळच्या शेतात निळ्या टाइल्सचा पोहण्याचा तलाव बांधला. आम्ही पोहायला शिकलो ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. त्याच्या पोरांना हे निळं पाणी मिळालं. श्रावणात आठवडाभर पाऊस लागला, पंप बंद राहिला आणि तलाव हिरवा झाला. त्यानं भर दुपारी क्लोरीन ओतलं आणि मला फोन केला. मी आरोग्यसेवकांचंच वाक्य सांगितलं. त्यानं भिंती ब्रशनं घासल्या, सूर्य बुडाल्यावर मात्रा दिली, पंप रात्रभर चालू ठेवला. सकाळी पाणी हिरवं राहिलं नव्हतं, दुधाळ झालं होतं. मेलेलं शेवाळ ते. फिल्टर धुऊन-धुऊन दोन दिवसांनी तळाच्या टाइल्स दिसल्या. त्याला एक गोष्ट नवी होती. अशा तलावावर नाकात झोंबणारा जो वास येतो तो बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. माणसांच्या घामाशी आणि लघवीशी झुंजून तिचं जे होतं, त्याचा तो वास असतो.

आमच्याकडे तिच्यावर लोकांचा राग असतो. चहाला वास येतो, पाण्याला दवाखान्याचा वास येतो, म्हणून बायका शिपायाला बोलतात आणि तो बिचारा मात्रा कमी करतो. मला ते पाहवत नाही. 2022 च्या जुलैत आमच्याच जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारीत, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले आणि पटकीनं माणसं दगावली. मेळघाटातली पावसाळी विहीर म्हणजे डोंगरउतारावरचं सगळं वाहून येण्याची जागा. तिथं दर रात्री दोरीला बांधलेली एक बादली हलली पाहिजे, आणि ती हलवणाऱ्या जलसुरक्षकाला त्याचं मानधन वेळेवर मिळालं पाहिजे. पाण्याच्या जागा पाहून गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. लाल कार्डाच्या गावात पावडर किती आली हे विचारण्याआधी सकाळच्या नळीत पिवळं दिसलं का हे कुणीतरी विचारायला हवं.

सगळं तिला जमत नाही, हेही सांगितलं पाहिजे. माझी आत्या दर्यापूरकडे दिली आहे, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलेल्या या पट्ट्यातल्या विहिरींना टीसीएल घाला, जंतू मरतील, मीठ जसंच्या तसं राहील. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. तिथं दुरून गोडं पाणी आणावं लागतं, अकोटकडे वानच्या धरणातून 84 खेडी योजना, आत्याकडे शहानूरचं पाणी. मग टीसीएलच्या बहिणीला, क्लोरीन वायूला, किंवा तिलाच, धरणाखालच्या केंद्रावरून कितीतरी मैल नळातून चालत जावं लागतं. वाटेत गंजलेले पाइप, गळक्या जोडण्या, टाक्यांच्या तळाचा गाळ. प्रत्येक ठिकाणी ती थोडी थोडी संपते. नियम सांगतो की शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी ती पोचली पाहिजे.

आत्याचं घर त्या नळाच्या अगदी शेवटी आहे. मागच्या उन्हाळ्यात मी तिथं होतो. सहाव्या दिवशी पाणी आलं, पहाटे साडेपाचला. जलसुरक्षक सायकल टेकवून आला, नळी भरली, थेंब टाकले आणि दारातल्या बल्बखाली धरली. आत्या गुंड घेऊन उभी होती.

“पिवयं दिसते का, भाऊ?”

त्यानं नळी थोडी तिरपी केली.

“दिसते, बाई. फिक्कं हाये, पन हाये.”

आत्यानं गुंड नळाखाली लावला.