गोटा कोणाचा?

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला, की आमच्या घराची नदीकडील खिडकी लावून घेतली जाते. घर पांढुर्ण्यात आहे; जाम नदीचे पात्र तेथून फार दूर नाही. त्या दिवशी पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा फडकत असतो, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरील माणसे परस्परांवर गोट्यांचा वर्षाव करीत असतात. पांढुर्ण्याच्या एका मुलाचे सावरगावच्या मुलीवर मन बसले, दोघे पळून जाताना नदीत अडकले आणि दोन्ही काठांवरून दगड सुटले, अशी या गोटमारीची दंतकथा आहे. झेंडा शेवटी चंडीमातेच्या चरणी जातो. त्यामागील श्रद्धेला मी हसणार नाही. त्या मातेसमोर मीही लहानपणापासून हात जोडीत आलो आहे. परंतु या खेळात माणसे दगावली आहेत आणि कित्येकांचे डोळे गेले आहेत, हेही आम्ही येथले लोक विसरू शकत नाही.

कोकणात व गोव्यात राहणाऱ्या वाचकांना आमचा हा मुलूख कदाचित नकाशावर शोधावा लागेल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले; आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्णा आणि सौसर हे त्यातील मराठी बोलणारे तालुके. २०२३ साली या दोहोंचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. माझे घर पांढुर्ण्याचे आणि आजोळ सौसरचे; तेव्हा माझ्यापुरता हा जिल्हा आईने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच केलेला होता.

यंदा पोळ्याला माझा नातू पुण्याहून आला. वय सोळा. कपड्यांची पिशवी खांद्यावर लटकत होती. पण हातातील चौकोनी पेटी तो कोणालाही धरू देईना. रात्री जेवणे झाल्यावर त्याने ती मेजावर उघडली. स्पंजाच्या खाचांतून ओळीने बसविलेली इवलीइवली अंतराळयाने! काही अंगठ्याएवढी, काही तळहाताएवढी. पंखांवर रंगाचे पट्टे आणि धुराचे डागसुद्धा. १९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटातील ही याने. ‘एक्स-विंग’ या नावाचा हा खेळ फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकन संस्थेने २०१२ मध्ये बाजारात आणला. मूळ पेटीत तीनच याने मिळत : बंडखोरांचे एक एक्स-विंग आणि साम्राज्याची दोन टाय फायटर. पुढची सारी एकेक करून विकत घ्यावयाची. कल्पनेतील मूळ यानाच्या दोनशेसत्तराव्या हिश्शाएवढे यान, हे प्रमाण अतिप्रचंड याने वगळता बहुतेक ठिकाणी सांभाळलेले.

नातवाजवळ अशी तेवीस याने आहेत. कोणते आत्याने अमेरिकेहून येताना आणले, कोणते दोन वर्षांचे वाढदिवसाचे पैसे साठवून घेतले, कोणते मित्राशी अदलाबदल करून मिळविले, हे तो झोपेतही सांगू शकेल. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरला. “पण आबा, हे आता संपलं. जून २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं, यापुढे नवीन काही काढणार नाही.”

मी उठलो आणि देवघराशेजारच्या कोनाड्यातून माझा लाकडी बैल आणला. आमच्याकडे मोठ्यांच्या पोळ्यानंतर मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैलाला चाके असतात. त्याला झूल घालून, शिंगे रंगवून, दोरीने ओढीत घरोघर न्यावयाचे आणि बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, गोळा करावयाचे. माझा बैल सौसरच्या मामांनी तेथील सुताराकडून करवून घेतला होता. त्याचे एक शिंग नवे आहे, चाके दोनदा बदलली आहेत, आणि माझ्या मुलाने व मुलीनेही तो ओढलेला आहे. “याच्या सुताराने दुकान बंद केले त्याला पन्नास वर्षे होऊन गेली,” मी म्हणालो. “बैल कधी थांबला नाही.” नातू हसला. मग त्याने सांगितले, की जगभरचे खेळणारेच आता आपापसांत नियम नीट राखून खेळ चालू ठेवीत आहेत. “झाले तर मग! मांड पाहू तुझे युद्ध.”

तीन फूट लांब, तीन फूट रुंद असे काळे कापड त्याने अंथरले. त्यावर पुठ्ठ्याचे अशनी ठेवले. खेळाची रीत मला पहिल्या तासात समजली आणि आवडलीही. प्रत्येक यानाची एक चकती असते. या डावात आपले यान सरळ जाणार, की वळणार, की गिरकी घेऊन माघारी फिरणार, हे त्या चकतीवर गुपचूप ठरवून ती पालथी ठेवावयाची. प्रतिपक्षानेही तसेच करावयाचे. मग क्रमाने एकेक चकती उलटावयाची आणि ठरविल्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्टीने यान हलवावयाचे. चकती उलटल्यावर विचार बदलता येत नाही. समोरच्याने काय ठरविले असेल याचा अंदाज चुकला, तर आपले यान अशनीवर जाऊन आदळते. अवघड गिरकी घेतली, की चालकावर ‘ताणा’ची एक सोंगटी ठेवतात, ती असेपर्यंत त्याला चालीनंतरची जादा कृती करता येत नाही, आणि एखादी सोपी चाल खेळल्यावाचून ती उतरत नाही.

मारा करावयाचा झाला, तर आधी पट्टीने अंतर मोजावयाचे. मारणाऱ्याने आठ बाजूंचे लाल फासे टाकावयाचे, वाचविणाऱ्याने हिरवे. किती लागले, किती चुकले, हे दोघांच्याही डोळ्यांदेखत ठरते. माझ्या एक्स-विंगने त्याचे एक टाय पाडले तेव्हा त्याने ते स्वतःच उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाला, “हे तुमचं, आबा.” हा शब्द माझ्या मनात कोठेतरी रुतला, पण का, ते त्या रात्री उमगले नाही.

असल्या खेळांना लहान मुलांचे चाळे म्हणून झिडकारण्यात अर्थ नाही. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक काढून शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगितले होते. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, कारण यात कोणाचे शरीर छिन्नभिन्न होत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, युरोपात खरे महायुद्ध पेटले. ते त्याच्या पुस्तकाने थांबले नाही, हे खरे. म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरले, असे मात्र मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू म्हणाला, “आबा, मला गोटमार पाहायची आहे. नदीवर जाऊ?”

“नाही,” मी म्हणालो.

“का?”

“फार गर्दी असते.”

“तुम्ही तर गेला होतात. बाबा सांगतात, कपाळावरचा तो व्रण तिथलाच आहे म्हणून.”

व्रणाची गोष्ट घरात सर्वांना ठाऊक आहे. १९६७ साली, सतरा वर्षांचा असताना, आईला न सांगता मी नदीवर गेलो. सावरगावकडून आलेल्या गोट्याने कपाळ फुटले. पाच टाके पडले. “काहून गेला होतास रे?” एवढेच म्हणून आई रडली. पुढच्या शनिवारी तिने मला मोटारीने सौसरजवळच्या जामसावळीला नेले. तेथे पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंतापुढे, पुन्हा नदीवर जाणार नाही, अशी शपथ घ्यावयास लावली. ती मी पाळली. ही झाली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट.

नातवाने पुन्हा कापड अंथरले आणि आम्ही रात्रीचा अर्धा राहिलेला डाव पुढे चालविला. नदीकडील खिडकी बंद होती, तरी लोकांचा गलका मधूनमधून येत होता. त्याने आपली चकती पालथी ठेवली. माझी माझ्या हातात तशीच राहिली.

“माझे कपाळ फुटण्याच्या आधी,” मी म्हणालो, “मीही गोटे फेकले होते. त्यांतला एक जोरात गेला. पलीकडे पांढरी बंडी घातलेला एक जण तोंडावर हात धरून खाली बसला. मी आनंदाने ओरडलो. मला वाटले, आपल्या गोट्याने पडला. माझ्या आजूबाजूच्या दहा जणांनाही तसेच वाटले असेल, तेही ओरडले.”

नातू माझ्याकडे पाहत राहिला.

“सावरगावचा एक मुलगा शाळेत माझ्याच बाकावर बसत असे. पोळ्यानंतर पंधरा दिवस तो शाळेत आला नाही. त्याच्या थोरल्या भावाचा डोळा गेला होता. त्या दिवशी भावाच्या अंगात काय होते, हे मी त्याला कधी विचारले नाही. त्यानेही कधी काही विचारले नाही. पुढे आमचे बोलणे आपोआप कमी झाले. चार वर्षांपूर्वी तो वारला.”

तो गोटा माझाच होता, असे म्हणावयास माझ्यापाशी पुरावा नाही. आणि नव्हता, असे म्हणावयासही नाही. मला वाटते, गर्दीत मारण्याची सारी सोय याच गोष्टीत असते. गोटा दहा जणांचा असतो आणि डोळा एकट्याचा जातो. मेजावरच्या खेळात अंतर मोजलेले असते, फासे समोर पडलेले असतात आणि ज्याने पाडले त्याच्या नावावर ते यान जमा होते. ‘हे तुमचं, आबा’ हे शब्द मला आदल्या रात्री का रुतले, ते आता ध्यानात आले. अठ्ठावन्न वर्षांत असे कोणी मला म्हणाले नव्हते, आणि मी स्वतःलाही म्हणालो नव्हतो.

नातवाने पुष्कळ वेळाने विचारले, “ते थोरले भाऊ आहेत अजून?”

“आहेत. ऐंशीच्या पुढे गेले असतील.”

“मग त्यांना विचारता येईल की.”

तो हे अगदी सहज म्हणाला. माझ्या चालकावरची सोंगटी उतरविण्याची सोपी चाल इतकी वर्षे पुलापलीकडे होती, आणि ती मला अवघड वाटत आली होती. त्या दिवशी तो नदीवर गेला नाही. मी त्याला पुन्हा मनाईही केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे पूल ओलांडून सावरगावात गेलो. पात्रात गोटे विखुरलेले होते; वरून पाहताना नदीतील कोणत्याही गोट्यांसारखेच ते दिसत होते. म्हातारबुवा ओसरीवर बाजेवर बसले होते. मी माझे नाव सांगितले, भावाचा मित्र म्हणून ओळख दिली आणि मग, शब्द जुळवीत जुळवीत, मनातले सारे सांगितले. त्या दिवशी त्यांच्या अंगात पांढरी बंडी होती का, हेही विचारले.

त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “बंडी पांढरीच असन,” ते म्हणाले. “तवा साऱ्याइच्या पांढऱ्याच राहत.” मग हात पुढे करून त्यांनी माझ्या कपाळाला बोट लावले. “अन् तुह्या कपायावरचा हा कोनाचा व्हय? म्याही तर फेकतच होतो.”

मला काही बोलता आले नाही. त्यांनी सुनेला चहा ठेवावयास सांगितले. चहा होईपर्यंत नातवाने खिशातून एक यान काढून त्यांना दाखविले. ते त्यांनी डोळ्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिले, पंख मोजले आणि “उडते काय?” म्हणून विचारले. नातवाने “नाही” म्हटल्यावर ते हसले व म्हणाले, “मंग बरं हाय.”

नातू पुण्यास परत गेला. पेटी भरताना एक खाच त्याने मुद्दाम रिकामी ठेवली. मी पाडलेले ते टाय फायटर आता आमच्या कोनाड्यात, सौसरच्या लाकडी बैलाशेजारी आहे. पुढच्या पोळ्याला तो ते परत जिंकून नेणार आहे, असे सांगून गेला आहे. मीही चकती कशी फिरवावी याचा सराव ठेवला आहे.