दर्याचा नकार

आमचा कडेगाव तालुका अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. टेंभू व ताकारी योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून आणण्यापूर्वी येथील माणसाचे अर्धे आयुष्य आभाळाकडे पाहण्यात जात असे. आणि पाणी आल्यावरही ती सवय सुटलेली नाही. अशा गावच्या मुलांनी समुद्राच्या तळाशी जाऊन मासे पाहण्याची हौस धरावी, हे प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. परंतु विद्यार्थिमित्रांनो, मालवणच्या समुद्रात चालणाऱ्या स्कूबा डायव्हिंगची चित्रे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली आहेत व घरी हट्टही धरला आहे, हे मला ठाऊक आहे. तो बेत हवामानामुळे फिसकटला म्हणजे काय करावे, याविषयी तुमच्याशी व सुज्ञ पालकांशी चार शब्द बोलावे, असे योजिले आहे. हा प्रसंग आमच्यावर एकदा नव्हे, दोनदा आला.

पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेण्याचे हे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. मालवणच्या परिसरात प्रवाळ व नाना जातींचे मासे आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. नवशिक्यास मार्गदर्शक हाताशी धरून थोड्याच खोलीपर्यंत नेतो. दहा मीटर खोलीवर अंगावरील दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, म्हणून ही काही विहिरीतली बुडी नव्हे. शिवाय पाणी गढूळ असेल तर खाली जाऊन दिसावे काय? मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत हा उद्योग बंदच असतो. उरलेल्या महिन्यांतही समुद्र रोज राजी असतोच असे नाही.

२०१९ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच कुटुंबे जाणार होतो. त्यांत माझ्या आठवीच्या वर्गातील एक मुलगी होती. तिचे वडील द्राक्षबागायतदार. मुलीने वर्षभर खाऊचे व बक्षिसाचे पैसे एका डब्यात साठविले होते, व उरलेले वडिलांनी घातले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी मालवणहून निरोप आला की, बंदरावर धोक्याचा बावटा चढला आहे, येऊ नये. ते क्यार नावाचे चक्रीवादळ होते. रत्नागिरीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरून ते पुढे अरबस्तानाकडे वळले व पाहता पाहता महाचक्रीवादळ बनले. ते शमते न शमते तोच महा नावाचे दुसरे उठले. इकडे आपल्या जिल्ह्यात पाऊस थांबेना आणि द्राक्षबागांचा फुलोरा कुजू लागला. त्या मुलीचे वडील मला भेटले तेव्हा सहलीचा शब्दही त्यांनी काढला नाही. डब्यातील पैसे त्या महिन्यात औषधफवारणीस गेले, हे मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळले.

त्यानंतर महामारीची दोन वर्षे गेली. २०२२ च्या नाताळच्या सुटीत आम्ही पुन्हा निघालो. कऱ्हाड, कोल्हापूर, राधानगरी करीत फोंडा घाट उतरलो आणि रात्री मालवणास पोहोचलो. सकाळी पाहतो तो आकाश धुतल्यासारखे निळे, थंडी गुलाबी, ढगाचे नाव नाही. मुले आनंदाने नाचू लागली. परंतु तांडेल किनाऱ्यावर उभा राहून बराच वेळ लाटांकडे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, आज जमाचा नाय. दर्या गढूळ आसा." आमच्यापैकी एका गृहस्थांनी जादा पैसे देऊ केले; त्याने मान हलविली. ते गृहस्थ चिडले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण सहा-सात तासांचा प्रवास करून आलेल्या माणसास निळे आकाश दाखवून परत जा म्हणणे सोपे नसते. ती मुलगी, आता अकरावीत गेलेली, मला हळूच म्हणाली, "गुरुजी, आभाळ तर स्वच्छ आहे. मग वादळ आहे कुठे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. आपण देशावरची माणसे हवामान डोक्यावर शोधतो. समुद्राचे तसे नाही. त्याचे हवामान शेकडो कोस दूर घडते व लाटांच्या पाठीवर बसून येते. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे वायव्य वारे वाहतात. त्यांनी उठविलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्या दिवशीच्या लाटा तेथल्याच होत्या असा माझा दावा नाही; पण निळ्या आकाशाखाली दर्या खवळलेला असू शकतो, एवढे त्यावरून मुलांना समजाविता आले. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र लाटांच्या उंचीचे अंदाज प्रसिद्ध करते. निघण्यापूर्वी पर्जन्याच्या अंदाजाबरोबर तेही पाहावेत.

आणि तांडेलाविषयी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. त्याचा हंगाम आठ-नऊ महिन्यांचा. नौकेचे कर्ज, डिझेल, माणसांची मजुरी, सारे त्यातूनच भागवावयाचे. 'नाही' म्हणताना तो स्वतःच्या ताटातील घास बाजूस सारीत असतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीस स्कूबा करून परतणारी नौका उलटली व दोन पर्यटक दगावले. त्यास अवघे सात महिने झाले होते. अशा माणसास जादा पैशांची लालूच दाखविणे मला तरी सभ्यपणाचे वाटत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर विसार परत मिळेल, की पुढील तारीख मिळेल, हे पैसे देण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. आम्ही ते केले होते, म्हणून वाद टळला. दुसरे असे की, एक दिवस मोकळा राखावा व नौका सकाळची धरावी, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. मोकळा दिवस वाया जात नाही. आम्ही त्या दिवशी मुलांना धामापूरच्या तलावावर नेले. सोळाव्या शतकात बांधलेला तो तलाव पाहून आमच्या टेंभूच्या मुलांनी बांध, सांडवा, पाट यांविषयी असे प्रश्न विचारले की, वर्गात ते कधी विचारीत नाहीत! त्यांच्या गावात पाणी यंत्राने चढते. येथे ते उताराने शेतात जाते. दुसऱ्या दिवशीही दर्या शांत झाला नाही. रापण ओढणाऱ्या माणसांना हात लावून, अंगभर वाळू घेऊन मुले घरी परतली.

२०२३ च्या महाशिवरात्रीस आम्ही तिसऱ्यांदा गेलो. त्या वेळी तीनच कुटुंबे उरली होती. त्या मुलीचे वडील येऊ शकले नाहीत. बागेची तोडणी चालू होती. त्यांनी तिला आमच्याबरोबर पाठविले व संमतिपत्रावर सही करून दिली. पाणी नितळ होते. ती जेमतेम पंधरा मिनिटे खाली असेल. वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. किनाऱ्यास लागताच तिने ओल्या हातांनी वडिलांना दूरध्वनी लावला, व प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, कानातला दाब असे सारे एका दमात सांगू लागली. पलीकडून त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "बाळ, तिकडे आभाळ आलंय का गं?"