कष्टाळू सिस्टर आणि ड्युटीचा तक्ता

कामाचा साधा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो, बर्नआउट उतरत नाही. १९७४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी त्याचे वर्णन केले, तेही मोफत दवाखान्यांत जीव ओतून राबणाऱ्या माणसांना पाहून. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती त्याला आजार मानत नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या, वेळीच न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम, असे ती म्हणते. म्हणजे सुधारणा आधी कामाच्या जागीच व्हायला हवी.

प्रस्तुत लेखिकेने एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून काम पाहिले. तिथे वारंवार दिसले ते असे, की कामचुकार माणूस कधी जळून जात नाही. जळते ती हाताला यश असलेली सिस्टर. शीर सापडत नसली की तिलाच हाक, नवी मुलगी शिकायला तिच्याच हाताखाली, कुणी गैरहजर असले की डबल ड्युटीही तिलाच, कारण ती नाही म्हणत नाही. अशी सिस्टर तक्रार करत नाही. बदल दिसतो तो हँडओव्हरमध्ये. पूर्वी ती सांगे, ‘आजी रात्रभर जाग्या होत्या, मुलाची वाट बघत होत्या.’ पुढे उरते, ‘बेड बारा, स्टेबल.’ नातेवाइकांना तुटक उत्तरे मिळू लागतात, डबा न उघडताच घरी जातो. सुट्टीचा अर्ज येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, म्हणून इन्चार्जने हँडओव्हर स्वतः उभे राहून ऐकणे आवश्यक ठरते.

बाकीचे बरेचसे ड्युटीच्या तक्त्यावर ठरते. तक्ता आधीच लागला, तर घरचे लग्न, मुलाची परीक्षा सांभाळता येते. रात्री आठला सुटलेल्या सिस्टरला सकाळी आठला बोलावले, तर प्रवास आणि स्वयंपाक वजा जाता झोपेला फारसे काही उरत नाही. ही जोडी टाळावी. नाइटनंतरचा ऑफ मोडू नये. रुग्णांची वाटणी खाटा मोजून करू नये: अंथरुणाला खिळलेला, नळीने अन्न घेणारा एक रुग्ण चालत्या-फिरत्या तिघांइतके काम मागतो. मृतदेहाची शेवटची तयारी केलेल्या सिस्टरकडे लगेच नवी ॲडमिशन देऊ नये. वॉर्डाच्या अनुभवात सर्वांत जास्त फरक या शेवटच्या नियमाने पडला, आणि त्याला खर्च काहीच नव्हता.

मात्र पदेच रिकामी असतील, तर कितीही चांगला तक्ता माणसे निर्माण करू शकत नाही. अशा वेळी सगळ्यांना ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणत राहणे हा अन्याय आहे. प्रत्येक इन्चार्जने रिक्त पदांची आणि डबल ड्युट्यांची नोंद तारखेनिशी ठेवावी, आणि ती दर महिन्याला लेखी वर पाठवावी.