मोरीची नाडीपरीक्षा

घराचे छप्पर गळू लागले की ते पाहुण्यालासुद्धा दिसते. दिवे गेले की सारे घर एका सुरात ओरडते. मोरीचा आजार मात्र मुका असतो. पाणी जरा रेंगाळते, जाताना घशात घास अडकल्यासारखा आवाज करते, आणि घरातल्या बायकांना ही गोष्ट पंधरा दिवस आधी कळलेली असते. पुरुषांना ती कळते अंगाला साबण लावून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिल्यावर. मग धावाधाव! या प्रांतातल्या धन्वंतरींची एक गंमत आहे. ज्याच्याजवळ सळई आहे त्याला प्रत्येक रोग सळईचा वाटतो, दुकानदाराला ॲसिडच्या बाटलीचा आणि टँकरवाल्याला टँकरचा. नाडी कोणीच पाहत नाही.

वास्तविक ही नाडी पाहणे मुळीच अवघड नाही. पहिला प्रश्न असा, की तुंबले आहे ते एकच ठिकाण की सगळीच? स्वयंपाकघरातली मोरी तेवढी रेंगाळत असेल, तर दोष तिच्याच गळ्याशी असतो: थिजलेले तूप-तेल, चहाचा चोथा, भाताची शिते. न्हाणीघर तेवढे तुंबले, तर जाळीखाली हात घालावा. केसांचा बुचका हाती येतो. पण संडासात पाणी ओतले आणि ते न्हाणीत वर आले, तर दोन्हींच्या सामाईक पाइपात किंवा त्याच्याही पुढे बिघाड आहे असे समजावे. अशा वेळी घरातली सर्वांत सखल मोरी प्रथम बोलते. माडीवरच्यांना पत्ताही नसतो. नुसतीच गुडगुड फार, पण पाणी जाते आहे, असे असेल तर छपरापर्यंत नेलेल्या वासाच्या पाइपाच्या तोंडात एखाद्या पाखराने संसार थाटला नाही ना, तेवढे पाहावे.

गेल्या वर्षी गणपतीत हे सारे ज्ञान कसाला लागले. आमचे घर कोकणात, रत्नागिरीपासून थोडे आत. एरवी घरात माणसे ४. भाद्रपदात ती १९ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, कपड्यांचे यंत्र पाणी सोडते ना, तेव्हा मागच्या न्हाणीत वर येते हो. माडीवर काही नाही." एखाद्या इंजिनिअरनेही याहून नेमके सांगितले नसते.

दादाने टँकरला टेलिफोन केला. सणाचे दिवस, चार दिवसांनी येतो म्हणाला. तेवढ्यात कोणी तरी बाजारातून एक मुकादम गाठून आणला. त्याच्याबरोबर वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा होता. मुकादमाने टाकीच्या झाकणाकडे दुरून पाहिले आणि निदान केले, "टाकी भरली, काका. पोराला उतरवतो, बालदीने उपसून देतो. पाचशे द्या."

टाकी भरली! अहो, सेप्टिक टाकी भरलेलीच असते. 'सेप्टिक टँक' हे नाव १८९५ च्या सुमारास इंग्लंडातल्या एक्झिटर गावच्या डोनाल्ड कॅमेरॉन नावाच्या इंजिनिअरने रूढ केले. सेप्टिक म्हणजे कुजवणारी. तळाशी गाळ बसतो, वर सायीसारखा थर येतो आणि मधले निवळलेले पाणी पलीकडच्या तोंडातून शोषखड्ड्यात जाते. म्हणून प्रश्न टाकी भरली का हा नव्हेच. पाणी त्या बाहेरच्या तोंडाच्या रेषेवर आहे की रेषेच्या वर, हा आहे. रेषेवर असून घर तुंबले असेल, तर बोळा घर आणि टाकी यांच्यामध्ये आहे. वर चढले असेल, तर टाकीचे पुढचे दार किंवा शोषखड्डा तुंबला आहे.

दादा उतावीळ झाला होता. आरती खोळंबली होती, घरात दोन म्हाताऱ्या आत्या होत्या. "अरे, तो स्वतः तयार आहे ना उतरायला?" तो म्हणाला. मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभाच होता. मी नाही म्हटले. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते, आणि माणसाला वाटते की वास गेला, आता भय नाही. प्राणवायू तर आत नावालाच असतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. संरक्षक साधनांवाचून माणूस असा उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुकादम म्हणाला, "कमरेला दोरी बांधतो की." जणू दोरीने श्वास घेता येतो!

आम्ही पहारीने झाकण सरकवले आणि सगळे बाजूला झालो. मुलांना लांब पिटाळले, उदबत्तीसुद्धा जवळ येऊ दिली नाही. बऱ्याच वेळाने, वाऱ्याकडे पाठ करून, न वाकता विजेरीचा झोत टाकला. पाणी बाहेरच्या तोंडाच्या चार बोटे वर होते. त्या तोंडात वरूनच बांबूची कामटी घातली; ती अडथळ्याशिवाय गेली. राहिला शोषखड्डा. तो काठोकाठ भरलेला! जांभ्याची जमीन एरवी पाणी पिते, पण तीन महिने पावसाने तिचेच पोट भरलेले. त्यात माणशी रोजचे १०० लिटर धरले तरी आमच्या २००० लिटरच्या टाकीला ४ माणसे म्हणजे ५ दिवसांची सवड, १९ म्हणजे जेमतेम एका दिवसाची. ती उपसली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तुंबली असती. आणि एवढ्यासाठी तो मुलगा आत जाणार होता.

उपाय जुन्या घरांतलाच निघाला. पूर्वी मोरीचे पाणी केळींना आणि अळवाला जाई. घराची दुरुस्ती करताना मिस्त्रीने सगळेच एका पाइपात जोडून टाकले होते. सगळ्यांच्या आंघोळी मागच्या पडवीतल्या दगडावर सुरू झाल्या, यंत्र बंद झाले. पुण्याच्या सुनेने जरा नाक मुरडले. तिसऱ्या दिवशी टाकीतले पाणी रेषेवर आले.

डिसेंबरात टँकर बोलावला. काठी घालून पाहिले तर गाळ निम्म्यावर आला होता. तो दर दोन-तीन वर्षांनी काढायचा असतो. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ च्या सुमारास पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. खेड्यात ज्याने त्याने आठवण ठेवायची, म्हणजे कोणीच नाही. न्हाणीचा पाइपही आम्ही वेगळा काढून केळींकडे वळवला.

टँकरबरोबर तोच मुलगा आला होता. हातमोजे घालून, जाड नळी टाकीत सोडून तो वर उभा होता. चहा पिताना म्हणाला, "काका, त्या दिवशी मी उतरणारच होतो." वहिनींनी काही न बोलता त्याच्या बशीत आणखी एक लाडू ठेवला.