दिवेआगरच्या किनाऱ्यावरून

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरला आम्ही सहकुटुंब गेलो. सुपारीच्या वाड्या, सुरूचे बन आणि लांबच लांब वाळू पाहून मुले हरखली. पण या गावाचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे.

१९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्यात होता. सिद्दी मूळचे आफ्रिकेतील हबशी. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज गुलाम म्हणून या देशात आणले गेले आणि पुढे त्यांच्यातूनच सरदार व नवाब झाले.

अफगाणिस्तानात याच्या उलट घडले. १८९१ ते १८९३ या काळात पश्तून अमीर अब्दुर रहमान याने हजारा लोकांचा उठाव चिरडला. त्यांच्या जमिनी गेल्या, हजारो स्त्री-पुरुष गुलाम म्हणून विकले गेले. दोघेही मुसलमान, पण पश्तून बहुतेक सुन्नी, तर हजारा बहुतेक शिया. १९२३ साली गुलामी कायद्याने बंद झाली, तिरस्कार मात्र उरला. तालिबानने २००१ साली फोडलेल्या बुद्धमूर्ती ज्या बामियानमध्ये होत्या, ते याच हजारांचे खोरे.

एकीकडे गुलामांचे वंशज राजे झाले, दुसरीकडे स्वतंत्र माणसे बाजारात विकली गेली. म्हणजे हीनपणा रक्तात नसतो, तो लादलेला असतो. याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हा लादलेला हीनपणा झुगारण्यासाठीच. वाचकहो, दिवेआगरला जाल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा.